गोणीतला बटाटा फेब्रुवारीत लावून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काढता येईल का? (अमळनेर, फरशीचं अंगण)

फरशीवरचा_माळी, अमळनेर

राम राम मंडळी.

नोकरीतून मोकळा झाल्यापासून अंगण माझ्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे तुळस, जास्वंद आणि कढीपत्ता सोडून जे उरतं ते. त्या तिघांना हात लावायचा नाही असा घरचा हुकूम आहे. अंगण पंधरा बाय दहा फूट, सगळी शहाबादी फरशी, माती कुठेच नाही. सकाळी आठपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत चांगलं ऊन, मग शेजारच्या माडीची सावली पडते.

यंदा बटाटा लावायचं मनात आहे. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या पडल्यात, खताच्या पांढऱ्या गोण्या आहेत, पुतण्यानं शेतातली काळी माती आणून टाकली आहे. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं. नळ येतो, पण रोज नाही.

बेणं वेगळं आणायचं की बाजारातलाच कोंब आलेला बटाटा चालतो? एका व्हिडिओत तारेच्या जाळीचा चार फुटी मनोरा करून थरावर थर माती चढवली होती आणि शेवटी खालपासून वरपर्यंत बटाटेच बटाटे निघाले. असं खरंच होतं का?

आणि मुख्य गोष्ट. आखाजीला मुलगी पुण्याहून माहेरी येते, सोबत दोन नातवंडं. त्यांच्या हातानं माती उकरून बटाटे काढायचे, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. पीक ऐंशी-नव्वद दिवसांचं, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला लावलं की आखाजीला बरोबर बसतं, असा माझा हिशोब. चुकतोय का कुठे?

लळिंगचा_वारा, धुळे

भो, बादलीमा बटाटा कसाले लावस? बजारमा काय कमी शेतस का?

गंमत केली हो. पण खरं सांगतो, फेब्रुवारीत नवा माल उतरतो तेव्हा बटाट्याचा भाव वर्षातला सगळ्यात पडलेला असतो. गोणी, खत आणि तुमची मेहनत धरली तर हा बटाटा काजूच्या भावात पडेल. हौस असेल तर लावा. मीही वाचतोय, गच्ची माझीही रिकामीच आहे.

घोडनदीकाठ, मंचर

आमच्याकडे सातगाव पठारावर बटाटा पावसाळ्यात घेतात, जूनमध्ये लावणी आणि पावसाच्या पाण्यावर पीक. तुम्हीही जूनमध्ये लावून बघा, पाण्याचा प्रश्नच येणार नाही.

लाल_तिखट, भुसावळ

माळीदादा, आधी आखाजीचं बोलते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. फेब्रुवारीत लावलेला बटाटा आपल्याकडे पाला देतो, बटाटा देत नाही.

दिवस तुम्ही बरोबर मोजलेत, पण बटाटा दिवस मोजत नाही, गारवा मोजतो. झाड जमिनीखाली दोऱ्यासारख्या फांद्या सोडतं आणि त्यांची टोकं फुगून गड्डे होतात. रात्र गार असली की पानांनी दिवसभर तयार केलेलं अन्न खाली उतरून तिथं साठतं. रात्र गरम असली की झाड ते स्वतःच्या श्वासातच खर्चून टाकतं आणि वर नुसतं हिरवंगार वाढून राहतं. मातीचं तापमान १५ ते २० अंश असलं की गड्डे छान धरतात. ३० च्या वर गेलं की धरणं जवळपास बंद. फेब्रुवारीतल्या लावणीला गड्डे धरायची वेळ येते मार्चमध्ये, आणि मार्च संपता संपता आपला पारा चाळिशीकडे निघालेला असतो. त्यात तुमची गोणी फरशीवर. शेतातल्या वरंब्याला ऊन वरूनच लागतं, गोणीला चारी बाजूंनी लागतं, शिवाय खालून फरशीची धग. भुसावळच्या गच्चीवर मार्चमधल्या दुपारी काळ्या ग्रो बॅगेला हात लावून बघा, तळहात टेकवत नाही.

मंचरच्या दादांना नमस्कार, पण सातगाव पठार उंचावर आहे, पावसाळाभर तिथं गार हवा असते. आपल्याकडे जूनमध्ये बेणं मातीत घातलं तर ते उगवायच्या आधी उकडेल किंवा सडेल.

तेव्हा खान्देशात लावणी ऑक्टोबर अखेरीपासून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. दसऱ्याची घाई नको, तेव्हा ऑक्टोबरची उष्णता उतरलेली नसते. दिवाळीच्या फराळाचे डबे निघाले की बेणंही काढायचं, एवढं लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऐंशी दिवसांची जात लावली तर माल २६ जानेवारीच्या आसपास तयार होतो. जोडून सुट्टी येत असेल तर नातवंडांना तेव्हाच बोलवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतच आपला बटाटा पोसतो, त्याला दुसरी तारीख नाही.

काढलेला बटाटा तसाच ठेवून आखाजीला मातीत पुरून द्यायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. एप्रिलपर्यंत घरात तो सुरकुततो, कोंब फुटतात, फार तापला तर आतून काळा पडतो. त्यापेक्षा वेफर्स आणि कीस करून वाळवा. शीतगृहातल्या बटाट्यात थंडीमुळे साखर वाढलेली असते, म्हणून त्याचे वेफर्स तळताना लाल होतात. घरच्या ताज्या बटाट्याचे पांढरे राहतात. फक्त अंदाज असू द्या: बटाट्यात पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं, किलोभर बटाट्याचे वाळल्यावर पावशेरही वेफर्स भरत नाहीत.

आणि नातवंडांना माती उकरायचीच हौस असेल तर बटाट्याचाच हट्ट कशाला? जानेवारीअखेर बटाटे निघाले की त्याच गोण्यांमध्ये रताळ्याचे वेल लावा. रताळं आपल्या उन्हाला भीत नाही, उलट खुशीत वाढतं. तीन-साडेतीन महिन्यांचा हिशोब. आखाजी एप्रिलमध्ये आली तर बोटाएवढी निघतील, मेमध्ये आली तर बरी पोसलेली. पोरांना काय, उकरल्यावर काहीतरी लाल हाती लागलं की झालं.

आता मनोरा. तो डोक्यातून काढा. बटाटा झाडाच्या पूर्ण उंचीवर धरत नाही. बेण्याच्या वर वीतभर पट्ट्यात ज्या फांद्या सुटतात तेवढ्यांनाच गड्डे लागतात. आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जाती तर दोन-तीन आठवड्यांत काय ते गड्डे धरून घेतात आणि नंतर फक्त पोसतात. त्यावर चार फूट माती चढवली तर वरची तीन फूट माती झाडाला नुसतं ओझं. शिवाय जाळीचा मनोरा सगळ्या बाजूंनी हवा खातो, आपल्या कोरड्या हवेत तो सकाळी भिजवला की संध्याकाळी सुकलेला. व्हिडिओतले बटाटे कुठून आले ते व्हिडिओवाल्यालाच विचारा.

तुमच्या गोण्या मनोऱ्यापेक्षा चांगल्या. पांढरी गोणी कमी तापते. तोंड बाहेरून दुमडत दुमडत अर्ध्यावर आणा, तळाला आणि तळापासून दोन बोटं वर बाजूला भोकं पाडा. गोणी सरळ फरशीवर नको, खाली दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या. गोण्या एकमेकींना चिकटून ओळीत ठेवा म्हणजे एकीची सावली दुसरीला पडते. उन्हाकडच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं तर उत्तम. एका गोणीत दोन बेणी, फार तर तीन. रंगाच्या बादलीत एकच, आणि बादली आतून खरवडून धुऊन घ्या. खताच्या गोण्या आपल्या उन्हात एका हंगामात चुरतात, पुढच्या वर्षी उचलायला गेलात की तळ खालीच राहील.

माती ही तुमची खरी अडचण. पुतण्यानं आणलेली काळी माती शेतात सोनं आहे, गोणीत मात्र वीट होते. पाणी दिलं की चिकट गोळा, सुकली की भेगा, आणि त्या भेगांमधून ऊन थेट गड्ड्यावर. तिचा वाटा एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. बाकी नदीकाठचा पोयटा, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि भुसभुशीतपणासाठी कोकोपीट किंवा भुईमुगाची टरफलं. रावेर-यावलकडून केळीच्या खोडाचं गांडूळखत मिळालं तर तेच घ्या, त्यात पालाश (पोटॅश) भरपूर, आणि बटाट्याला पालाश लागतंच. शेणखत कच्चं असेल तर हुमणी (मुळं कुरतडणारी अळी) येते आणि बटाट्याच्या सालीवर खरबरीत खपल्या धरतात. हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर अजून कुजलेलं नाही.

आणि हो, भरताचं वांगं, टोमॅटो किंवा मिरची ज्या मातीत झाली ती माती बटाट्याला देऊ नका. सगळी एकाच कुळातली, एकाचा मर रोग आणि मुळांवरच्या सूत्रकृमी दुसऱ्याला लागतात. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आता प्रत्येकाच्या गच्चीत त्याची एक तरी कुंडी असतेच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बेण्याचं म्हणाल तर बाजारातला बटाटा चालतो, पण भरवशाचा नाही. शीतगृहात कोंब येऊ नयेत म्हणून काही मालावर औषध मारलेलं असतं, आणि कोणता रोग सोबत आला ते डोळ्यांना दिसत नाही. बेणं मिळालं तर कुफ्री पुखराज, कुफ्री चंद्रमुखी किंवा कुफ्री लवकर यांतलं काही बघा. कुफ्री लवकर १९७२ ची जुनी जात, पठारी महाराष्ट्रासाठीच शिफारस केलेली, सहज मिळेलच असं नाही. पुखराज लवकर येतो आणि भरपूर येतो, पण पाणचट. भाजीला ठीक, वेफर्सला नाही. ज्योती चवीला चांगली, मात्र दोन-तीन आठवडे जास्त घेते, गोणीतल्या माणसाला ते परवडत नाही.

बेणं कोंबडीच्या अंड्याएवढं, अख्खंच लावा. शेतकरी खर्च वाचवायला कापून लावतात, पण नोव्हेंबरच्या कोमट मातीत कापलेला तुकडा सडण्याची भीती जास्त. लावणीआधी पंधरा-वीस दिवस पसरट टोपलीत एका थरात, उजेडात पण उन्हात नाही, असं ठेवा. कोंब आखूड, जाड, जांभळट-हिरवे आले पाहिजेत. अंधारात ठेवलेल्या बटाट्याला येतात ते लांब पांढरे दोरे उचलतानाच मोडतात.

गोणीत आधी वीतभर माती, त्यावर बेणं डोळे वर करून, वरून चार बोटं माती. रोप वीतभर झालं की गोणीचं तोंड उलगडायचं आणि शेंड्याची पानं तेवढी उघडी ठेवून माती चढवायची. साधारण पंधरा दिवसांनी आणखी एकदा. बस, दोनच भरी. उघडा पडलेला गड्डा हिरवा होतो, त्यात सोलानिन हे विष तयार होतं. तो भाग खरवडून खायचा मोह नको, टाकून द्या. वरून टरफलांचा थर दिला की माती गार राहते आणि भेगाही पडत नाहीत.

पाणी बेताचं, पण नेमानं. आज कोरडं ठणठणीत आणि उद्या डबडबलेलं असं झालं की बटाट्याला गाठी येतात आणि तडे जातात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, तिथं कोरडं लागलं तरच द्या. गोणीला युरिया देऊ नका. लावताना मूठभर निंबोळी पेंड, महिन्यानं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत), पुढे गड्डे पोसताना ०:०:५० (नुसतं पालाशचं), लिटरला दोन-तीन ग्रॅम विरघळवून मुळाशी. केळीमुळे आपल्याकडे ही विद्राव्य खतं सगळीकडे मिळतात, तेवढीच एक गोष्ट आपल्या बाजूची.

पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी तोडा, पाला जमिनीलगत कापा आणि दहा-बारा दिवस थांबा. साल पक्की होते. अंगठ्यानं घासून साल निघाली तर अजून थांबायचं. निघणार किती? नीट झालं तर गोणीमागे किलो, सव्वा किलो. धुळेकर भाऊ काजूच्या भावाचं म्हणाले ते खोटं नाही. पण काढल्याच्या दिवशी उकडलेला पातळ सालीचा बटाटा, वर कच्चं तेल, मीठ आणि आपली लाल चटणी, ते दुकानात मिळत नाही.

फरशीवरचा_माळी, अमळनेर

ताई, आखाजीवर पाणी फिरवलंत, पण पटलं. मुलीला फोन केला. जावई म्हणाले सव्वीस जानेवारीचं बघू, म्हणजे सुनावणी पुढे ढकलली आहे. रताळ्याचं मात्र नक्की करतो.

दोन शंका आहेत. आमच्याकडे अजून चुलीवर पाणी तापतं, राख ढीगभर निघते. राखेत पालाश असतं म्हणतात, मग ०:०:५० च्या ऐवजी तीच टाकू का? आणि बोअरच्या पाण्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

लाल_तिखट, भुसावळ

राख नको. पालाश असतं हे खरं, पण राख मातीचा सामू (pH) वर नेते. बटाट्याला जरा आम्लट माती आवडते. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, वर तुमचं बोअरचं पाणी, त्यावर राख म्हटलं की सालीवरच्या खपल्यांना आमंत्रणच.

पाण्याचं सांगायचं राहिलं. बादलीला पांढरा थर धरतो तोच थर गोणीच्या मातीतही साचतो. शेतात पावसानं तो धुऊन जातो, गोणीत जात नाही. नळ येईल त्या दिवशी एक टाकी बटाट्यासाठी बाजूला भरून ठेवा. तेवढं जमत नसेल तर बोअरचं द्या, पण आठवड्यातून एकदा नळाचं पाणी तळातून वाहून जाईपर्यंत घाला. गोणीखाली ताटली ठेवली असेल तर तीत साचलेलं पाणी ओतून द्या.

सातपुडा_पायथा, शहादा

राखेबद्दल थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे बेणं कापून लावायचं असेल तर कापलेल्या बाजूला राख चोळून एक-दोन दिवस सावलीत सुकवतात. जखम कोरडी पडते, तुकडा लवकर सडत नाही. तेवढ्या चिमूटभर राखेनं माती बिघडत नाही.

किडींचं कोणी बोललं नाही. आजूबाजूला कपाशी असेल तर ती वाळायला लागली की पांढरी माशी हिरवं शोधत येते. पिवळे चिकट सापळे लावणीच्या दिवसापासून टांगा. पानांच्या खालच्या बाजूला मावा दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी. डिसेंबरात दोन-तीन दिवस आभाळ आलं की करप्याचे डाग बघत चला. डागाळलेली पानं तोडून टाका, पसरतोय असं वाटलं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. पानं ओली करून पाणी देऊ नका. आणि मातीला भेग दिसली की लगेच बुजवा. बटाट्यावरची पाकोळी तिथूनच शिरून गड्ड्यावर अंडी घालते, मग अळी आत बोगदे करते. काढलेला मालही रात्री अंगणात उघडा टाकू नका.

लाल_तिखट, भुसावळ

शहाद्याच्या दादा, कापलेल्या बेण्याला राख, मान्य. मी ढीगभर राखेबद्दल बोलत होते.

पाकोळीचं बरं आठवण केलीत. साठवताना बटाट्यावर कडुनिंबाचा सुका पाला पसरायची जुनी रीत आहे, आम्ही अजून करतो.

लळिंगचा_वारा, धुळे

गंमत करता करता मीच तीन गोण्या धुऊन वाळत घातल्या. रताळ्याचे वेल कुठून आणायचे? रोपवाटिकेत विचारलं तर माणूस माझ्याकडेच बघत राहिला.

लाल_तिखट, भुसावळ

विकत कशाला? कार्तिकी एकादशीला बाजारात रताळी येतात, त्यातली दोन-तीन ताजी, न खरचटलेली बाजूला काढा. कुंडीत ओल्या वाळूत आडवी, अर्धी पुरलेली ठेवा. कुंडी थंडीत दिवसा उन्हात आणि रात्री आत. वेल हातभर झाले की शेंड्याकडून वीत-सव्वा वीत कापा, खालची पानं काढा आणि दोन-तीन पेरं मातीत जातील असे तिरपे लावा. गोणीला दोन वेल पुरे. बटाट्याची जुनी माती चालेल, फक्त त्यात चुकून राहिलेले बारीक बटाटे वेचून घ्या, आणि रताळ्याला शेणखताचा मारा करू नका, नुसते वेल पळतात.

लळिंगचा_वारा, धुळे

बरं ताई. एकादशीला एक किलो जास्त घेतो, घरच्यांना सांगत नाही.